११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो

वर कुणीतरी लिहिलंय की घरभाड्याचा ११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार (यात राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क नाही, फक्त राहायची परवानगी मिळते) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात राहणाऱ्याचं म्हणणं धरून चालतात. ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर. नुसतं नोटरी करून कागद हातात देणारे एजंट सरळसरळ गंडवतात.

आता धागाकर्तीने विचारलेल्या, तिच्या भाड्याच्या वन आरकेत (एक खोली आणि स्वयंपाकघर) स्विचबोर्डाजवळ येणाऱ्या ओलीबद्दल. पुण्यात वाकडला मीही असल्याच वन आरकेत राहिलोय. वरच्या बाथरूमचं पाणी बरोब्बर ओट्यामागच्या स्विचबोर्डावर उतरायचं, मिक्सर लावला की हाताला झिणझिण्या. केअरटेकरचं ठरलेलं उत्तर, "साहेबांना सांगतो." साहेब कोण, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं! शेवटी मालकाच्या करारातल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पत्र टाकलं, सोबत तारखेसह फोटो. मग प्लंबर उगवला.

दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापा, हा इथे दिलेला सल्ला मात्र जपून घ्या. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये १५ दिवसांच्या नोटिशीनंतर तशी सोय आहे, पण ती भाडेकरूला. लायसन्सवर राहणारा सहसा त्यात बसत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी गळती, वायरिंग, मोटर कुणाच्या खर्चाने, हे करारातच लिहून घ्या. तोवर ओल आलेला तो स्विचबोर्ड वापरू नका, आधी वायरमन बोलवा.