'व्हॅलिडिटी'ला काय म्हणावे: वैधता, सप्रमाणता की यथार्थता?

मालवणहून, संशोधक विद्यार्थिनी:
मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील चिंता मोजण्यासाठी मी एक प्रश्नावली मराठीत आणत आहे. 'व्हॅलिडिटी'साठी, म्हणजे जे मोजायचे तेच चाचणी मोजते का यासाठी, मी महाविद्यालयात शिकलेला 'सप्रमाणता' हा शब्द लिहिला होता; मार्गदर्शकांनी तो खोडून 'वैधता' केला. आमच्या बंदरात 'वैध' म्हटले की नौकेचा परवाना डोळ्यांपुढे येतो, ज्याची मुदत ठरलेल्या तारखेला संपते. चाचणीचे तसे नसते. मग योग्य शब्द कोणता?

रत्नागिरीहून, मानसशास्त्राचे प्राध्यापक:
ताई, 'वैधता' मलाही पटत नाही, पण 'सप्रमाणता'ही निर्दोष नाही. 'सप्रमाण बांधा' म्हणतो तेव्हा आपल्याला पुरावा नव्हे, प्रमाणबद्धता अभिप्रेत असते. त्यातच 'प्रमाणीकरण' आणि 'प्रमाण विचलन' हे शब्द शेजारी येऊन बसतात, आणि सप्रमाण चाचणी व प्रमाणित चाचणी यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. जे मोजायचे आहे तेच मोजले जाते का, एवढाच प्रश्न असेल तर 'यथार्थता' सर्वांत स्वच्छ आहे.

वेंगुर्ल्याहून, निवृत्त संस्कृत शिक्षक:
आपल्याकडे या अर्थाचा शब्द असताना नवा का घडवावा? ज्ञानाच्या खरेपणाला शास्त्रात 'प्रामाण्य' म्हणतात. मीमांसक ते स्वतःसिद्ध मानतात, नैयायिक मात्र बाहेरून पडताळून घ्यावे असे सांगतात. चाचणीचे गुण बाहेरच्या निकषाशी ताडून पाहता, ते या परतःप्रामाण्याहून फार वेगळे आहे असे मला वाटत नाही.

देवगडहून, मासळी व्यापारी:
सर, आपला शब्द खरा असला तरी मराठीत 'ग्रंथप्रामाण्य' आणि 'शब्दप्रामाण्य' हे डोळे मिटून मानण्यासाठी वापरले जातात, म्हणजे नेमके उलट. शब्द शास्त्रात काय होता यापेक्षा आज वाचणाऱ्याच्या मनात काय उमटते ते पाहावे. माझ्या धंद्यातले सांगतो. ज्या तागडीला पासंग, म्हणजे दोन्ही पारडी समतोल करणारे वजन, बांधायचा राहून गेला आहे, तिच्यात एकच पापलेट दहा वेळा तोलले तरी वजन दहाही वेळा तेच भरेल आणि दहाही वेळा चुकीचेच भरेल. पुन्हा पुन्हा मोजून तेच उत्तर येणे, म्हणजे 'रिलायबिलिटी', याला तुम्ही 'विश्वसनीयता' म्हणता; मग अशा तागडीला तुम्ही 'विश्वसनीय' म्हणणार का? मला तर तुमचा हा दुसरा शब्दच अधिक खटकतो.

मालवणहून, संशोधक विद्यार्थिनी:
काका, तोच शब्द मला प्रत्यक्षात नडला. मे महिन्यात भरून घेतलेली प्रश्नावली मी जुलैमध्ये त्याच घरांत पुन्हा नेली. दारात जाळ्याची भोके शिवत बसलेल्या एका काकीने सुई थांबवून विचारले, "मागे सांगलंय ता खोटा वाटला काय तुमका?" विश्वसनीयता तपासायची आहे, असे मी नुकतेच बोलून गेले होते. दोन वेळच्या उत्तरांत तफावतही पुष्कळ आली, आणि त्यामुळे प्रश्नावलीच बाद ठरते की काय अशी भीती वाटते.

रत्नागिरीहून, मानसशास्त्राचे प्राध्यापक:
त्यावरून ती बाद ठरत नाही. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे महिन्यात घरात येणारा पैसा जुलैमध्ये आटलेला असतो, तेव्हा चिंता बदललीच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत या क्षणाची चिंता आणि स्वभावातली चिंता यांसाठी वीस-वीस विधानांचे दोन वेगळे भाग आहेत, ते याचसाठी. पहिल्या भागाचे गुण काही आठवड्यांनी बदलले तर तो दोष नव्हे. तेथे विधानांची अंतर्गत सुसंगती, म्हणजे एकाच वेळी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे. तुमची विधाने यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत, ते आधी ठरवा.

वेंगुर्ल्याहून, निवृत्त संस्कृत शिक्षक:
मग 'विश्वसनीयता' काढून 'स्थैर्य' लिहावे, म्हणजे त्या बाईंच्या खरेपणावर बोट ठेवल्यासारखे होणार नाही. 'चाचणी'ऐवजी 'कसोटी' म्हणावे, असेही सुचवतो. कषपट्टिकेवरून, म्हणजे सोन्याचा कस पाहण्याच्या दगडावरून, तो शब्द आला आहे. 'चाचणी' मला 'चाचपणे'च्या कुळातला वाटतो आणि अंधारात हात फिरवल्याचा भास होतो.

देवगडहून, मासळी व्यापारी:
ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. शिवाय कसोटी म्हटली की माणूस पास होतो किंवा नापास. त्या काकीला कशाला घासून पाहायचे आहे?

मालवणहून, संशोधक विद्यार्थिनी:
घरोघरी जाताना मी आता 'विचारपूस' एवढेच म्हणणार आहे. अहवालातला शब्द मात्र अजून कोराच आहे. मार्गदर्शक 'वैधता' सोडायला तयार नाहीत.

वेंगुर्ल्याहून, निवृत्त संस्कृत शिक्षक:
'विचारपूस' उत्तम. पण 'प्रामाण्य' या शब्दाबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.