वेताळाचे जुने अंक पुन्हा छापायचे, तर इंद्रजालचं पान जपावं की मूळ पट्ट्यांवरून नव्याने बांधावं?

कवटीची अंगठी

टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे मूळच्या अमेरिकन 'फँटम'चे. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी त्यानंतर आली. हे अंक मराठीत परत यावेत असा विषय निघाला की एक सूचना हमखास येते: जुने अंक बाजूला ठेवा, वेताळाचा निर्माता ली फॉक याच्या मूळ वृत्तपत्रीय चित्रपट्ट्या मिळवा, नवा अनुवाद करा आणि संगणकावर रंगवा.

माझा याला ठाम विरोध आहे. जुना अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत होता तसाच छापावा. डाग काढा, फाटलेलं सांधा, पण चौकटी, रंग आणि मजकूर यांना हात लावू नका. इंद्रजालचा वेताळ ही अमेरिकन पट्टीची नुसती नक्कल नव्हती. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बदलून इथे डेंकाली झालं, सिंग चाचे 'सिंगा' चाचे झाले, विसाव्या वेताळाला (वेताळपद बापाकडून मुलाकडे जातं) मारणारा रामा 'रामालु' झाला. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं तर फक्त इथलीच. वर्तमानपत्रातल्या पट्टीला मुखपृष्ठ नसतंच. पट्ट्यांकडे परत गेलात की हे सगळं एका फटक्यात जातं.

पट्टीवाला

असहमत. जो अंक 'होता तसा' छापायचा म्हणता, तो मुळातच कापून बसवलेला होता.

हिशेब करा. दैनिक पट्ट्या आठवड्याला सहा, पट्टीत साधारण तीन चौकटी. २० आठवडे चाललेल्या कथेच्या ३६० चौकटी होतात. सुरुवातीच्या अंकांत वेताळाला २८ पानं मिळायची. पानाला सात चौकटी धरल्या तरी १९६. म्हणजे दीडशेहून अधिक चौकटी गेल्या. शिवाय पट्टी आडवी आणि पान उभं, त्यामुळे चौकट बसवायला कुठे कडा छाटायच्या, कुठे रिकाम्या जागेत चित्र वाढवायचं. १९६१ नंतर चित्रकार साय बॅरीने पट्टी हातात घेतल्यावर मागचं जंगल, गुहेचा दगड, कपड्यांच्या चुण्या यांत जे बारकावे आले, ते नेमके कडेला असतात. आधी कात्री त्यांच्यावरच चालते.

कवटीची अंगठी

आकडे मान्य, निष्कर्ष मान्य नाही. दैनिक पट्टीची रचना बघा. काल ज्याने पेपर घेतला नाही त्याच्यासाठी पहिली चौकट बहुतेक वेळा उजळणीची असते. तुमच्याच हिशेबात १२० पट्ट्या आहेत, म्हणजे शंभराच्या आसपास चौकटी निव्वळ 'काल काय झालं' सांगणाऱ्या. सलग वाचायला बसा, दर तिसऱ्या चौकटीला कथा अडखळते. इंद्रजालच्या संपादकांनी त्या गाळल्या, हे चांगलं संपादन होतं. आणि ज्या कथा खरोखर मोठ्या होत्या त्या दोन अंकांत विभागून दिलेल्या आहेत.

पट्टीवाला

उजळणी गाळायला माझी हरकत नाही. कात्री तिथे थांबली नाही, ही हरकत आहे. जंगलकथेचा वेग ठरतो तो मधल्या टप्प्यांनी: परका माणूस बंदरात उतरतो, ढोलांवरून बातमी आत जाते, जंगलातले बुटके बांडर त्याच्यावर नजर ठेवतात, आणि मग वेताळ दिसतो. यातले दोन टप्पे गेले की वेताळ एकदम झाडावरून टपकतो आणि त्याचा दरारा बसत नाही. बिनसंवादाच्या चौकटी कथानकाला लागत नाहीत असं वाटतं, म्हणून पहिल्यांदा त्याच जातात. दरारा मात्र त्याच उभा करतात.

आणि रंग जपायचा म्हणता, तर कोणता? दैनिक पट्ट्या काळ्या-पांढऱ्या होत्या, त्यांचे रंग इथे भरले गेले. फॉकच्या मनात पोशाख करडा होता. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली आणि तो जांभळा छापला गेला. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत तो निळा आहे, नंतर जांभळा. स्कँडिनेव्हियात निळा, इटलीत लाल. यातला 'खरा' रंग कुठला? त्यापेक्षा काळी-पांढरी पट्टी छापा, रेषा तरी चित्रकाराची राहील.

शाईचे ठिपके

दोन्ही बाजूंनी तत्त्व मांडलं जातंय, पण जुन्या अंकावरून छापणं म्हणजे काय काम आहे ते आधी बघू. माझं मत इंद्रजालचं पान जपण्याच्या बाजूचं आहे, पण सरसकट साफसफाईला माझा विरोध आहे. बहुतेक पुनर्मुद्रणं तिथेच बिघडतात.

पिना आधी काढाव्या लागतात. गंजलेली पीन ओढली की मधलं पान भोकापाशी फाटतं. पातळ बोथट पातं आत सरकवून दोन्ही टोकं सरळ करायची आणि पीन बाहेरच्या बाजूने उचलायची. पान सुटं झाल्यावर ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करायचं आणि पानामागे काळा कागद ठेवायचा. पांढरा ठेवला तर मागच्या पानाची शाई पारदर्शक कागदातून वर येते आणि चेहऱ्यांवर सावल्या दिसतात. स्कॅनरमधली जाळी काढण्याची आपोआप चालणारी सोय बंद ठेवायची. छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांवर आदळून लाटांसारखी नक्षी उमटते हे खरं, पण ती पूर्ण आकाराच्या स्कॅनवर कमी असते आणि प्रत लहान करताना हाताने आवरता येते.

आता मराठी अंकाची खास अडचण. धूळ काढणारा फिल्टर एका ठरावीक आकारापेक्षा लहान असलेला प्रत्येक सुटा काळा ठिपका पुसतो. इंग्रजी मजकुरात त्यामुळे पूर्णविराम आणि आयचे टिंब जातात, वाचणारा चालवून घेतो. आपल्याकडे अनुस्वार जातात. 'नांगर'चा 'नागर' होतो, 'मंत्री'चा 'मत्री'. म्हणून संवादांच्या फुग्यांवर आधी मास्क लावायचा, म्हणजे तो भाग फिल्टरपासून झाकायचा, फिल्टर फक्त चित्रावर चालवायचा आणि फुग्यातली धूळ डोळ्यांनी बघून एकेक टिपायची. वेळ खूप जातो, पण त्याला पर्याय नाही. काळं-पांढरं कडक करताना उंबरठा (किती गडद ते काळं धरायचं ती मर्यादा) जास्त घेतला तर 'ष' आणि 'प' यांची पोटं बुजतात, कमी घेतला तर वेलांट्या तुटतात. अक्षरांसाठी वेगळा उंबरठा, रेषांसाठी वेगळा.

कागदाचा पिवळेपणा हा दुसरा सापळा. वर्तमानपत्री कागदात लिग्निन असतं, हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं. तो पिवळा काढून पान शुभ्र करायला गेलं की छापलेला पिवळाही फिका पडतो. मग हिरवं जंगल निळसर होतं आणि सगळ्यांची त्वचा गुलाबी. कागद किंचित मळका राहू द्यावा. छपाईही चकचकीत आर्ट पेपरवर नको. जुने रंग शाई कागदात पसरणार हे धरून गडद भरलेले असतात. न पसरणाऱ्या कागदावर तेच रंग भडक ओरडतात. बिनचकाकीचा, किंचित पिवळसर, ८० ते १०० जीएसएमचा कागद पुरेसा आहे.

पट्टीवाला

हे वाचून माझाच मुद्दा पक्का होतो. एवढी मेहनत तिसऱ्या पिढीच्या प्रतिमेवर, म्हणजे नकलेच्या नकलेवर, कशासाठी? जिथे रेषा छपाईतच बुजली आहे तिथे कुठलाही उंबरठा ती परत आणणार नाही. मूळ पट्टीच्या चांगल्या प्रतीवरून काळी रेषा स्वच्छ मिळते आणि मराठी मजकूर वेगळ्या थरावर बसवता येतो. मात्र फुगा इंग्रजीच्या मापाचा असतो. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं आणि चार ओळींच्या फुग्यात तीनच मावतात. अनुवाद त्या मापात करावा लागेल, फुगा वाढवून चित्र झाकायचं नाही. हॅल फॉस्टरच्या १९२९ च्या टारझन पट्टीत फुगे नव्हते, मजकूर चित्रापासून वेगळा होता. तिथे हा प्रश्नच येत नाही.

खोल जंगल

तांत्रिक बाजू चांगली आली, पण पहिल्या प्रतिसादातल्या नावांच्या बदलांकडे सगळे कौतुकाने बघताहेत ते मला खटकतं. १९३६ च्या सुरुवातीच्या कथांत हे जंगल आशियाच्या बाजूला झुकलेलं होतं, भारतीय वाटणारी नावं खलनायकांना दिलेली होती. इंद्रजालने ती बदलली. त्यामुळे आपल्याला टोचणारं गेलं, आफ्रिकी लोकांना टोचणारं तसंच राहिलं: बुटके, भोळे बांडर आणि त्यांचं रक्षण करणारा पिढीजात गोरा राजा. फक्त आपली नावं गाळलेली आवृत्ती 'अस्सल' म्हणून छापणं मला अर्धवट वाटतं.

तरीही चित्रं किंवा संवाद आज बदलू नयेत. त्याच मालिकेत पुढे आफ्रिकी डॉक्टर लुआगा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष होतो, जंगल गस्तीदलाची सूत्रं आफ्रिकी कर्नल वोरोबूकडे येतात. हा बदल कळायला आधीचं चित्र समोर लागतं. प्रत्येक अंकाच्या शेवटी दोन पानं द्या: मूळ पट्टी कोणत्या वर्षाची, चित्रकार कोण, कोणती नावं बदलली, किती चौकटी गाळल्या.

कवटीची अंगठी

ती दोन पानं मला चालतील. गाळलेल्या चौकटी तिथे लहान आकारात काळ्या-पांढऱ्या छापा, पण मुख्य पानात घुसवू नका. मधे घातल्या की पान तुटतं: उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत धोका आणि पान उलटल्यावर सुटका, ही बांधणी इंद्रजालवाल्यांनी उभ्या पानासाठी केलेली आहे. आडव्या पट्टीत पान उलटणं नावाची गोष्टच नाही. आणि मराठी संवाद बदलायला तर माझी अजिबात तयारी नाही. ज्या मराठीत वेताळाबद्दलची 'जंगलातली जुनी म्हण' आपल्या कानावर पडली, ती मराठी त्या अंकाचा भाग आहे.

पट्टीवाला

शेवटी लहान आकारात छापल्या तर त्या वाचकाच्या दृष्टीने टाकाऊ ठरतात. निदान एक कथा तरी दोन्ही प्रकारे, शेजारी शेजारी छापून बघा. साय बॅरीच्या काळातली, दोन अंकांत न विभागलेली घ्या. फरक तिथेच जास्त आहे.

शाईचे ठिपके

शेजारी शेजारी छापायचंच असेल तर दोन्हींना एकच कागद आणि एकच शाई वापरा, नाहीतर तुलना कागदाची होईल. आणि ज्यांच्याकडे अंक आहेत त्यांच्यासाठी: स्कॅन होईपर्यंत लॅमिनेशन करू नका, उष्णतेने चिकटलेला थर परत निघत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी होतो. फाट सांधायची तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. प्लास्टिकचं पाकीट पॉलिएस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नाही. पावसाळ्यात ते बंद कपाटात दाबून ठेवू नका, कसर तिथेच लागते.