शब्दचर्चा: 'मॅग्नम' पिस्तूल आणि 'चेंबर्ड फॉर'चं करायचं काय?

भाषांतरवाली

मंडळी, एका वाक्यावर गाडी अडली आहे. हौशी नेमबाजांसाठीचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. विषय असा की रिव्हॉल्वरची मॅग्नम काडतुसं घालायची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं असतात आणि काही लोक त्यांच्यावर अगदी जीव टाकतात. पहिल्याच ओळीत 'सेमी-ऑटोमॅटिक पिस्टल चेंबर्ड फॉर .३५७ मॅग्नम' आलंय, म्हणजे ज्याच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) ते काडतूस बसतं असं पिस्तूल. मी लिहिलं, '.३५७ मॅग्नमसाठी कक्षित केलेले अर्धस्वयंचलित पिस्तूल'. मग वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. 'कक्षित' म्हटलं की उपग्रह आठवतो, आणि 'अर्धस्वयंचलित' म्हणजे अर्ध्यावर बंद पडणारं काहीतरी वाटतं. त्यात संपादकांनी शेरा मारलाय, 'मॅग्नम म्हणजे मोठे पिस्तूल, असा खुलासा द्यावा.' हे तरी बरोबर आहे का?

खोडरबर

खुलासा देऊ नका, चुकीचा आहे. पिस्तूल मोठं नाही, काडतूस मोठं.

लॅटिनमध्ये मॅग्नुस, मॅग्ना, मॅग्नुम म्हणजे आपलं मोठा, मोठी, मोठं. 'मॅग्नम' हे नपुंसकलिंगी रूप, म्हणून 'मॅग्नम ओपस' (थोर कृती) मध्ये नपुंसकलिंगी 'ओपस'ला 'मॅग्नम' लागतं. आपल्या 'महत्', 'महा'शी त्याचं रक्ताचं नातं आहे, दोन्ही एकाच मुळातून आलेले. योगायोग बघा, मराठीत काडतूसही नपुंसकलिंगी आणि पिस्तूलही. त्यामुळे 'मॅग्नम काडतूस' म्हणजे व्याकरणासकट 'मोठं काडतूस'.

मधला टप्पा बाटलीचा. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या, म्हणजे नेहमीच्या दुप्पट बाटलीला मॅग्नम म्हणतात. ब्रिटिश बंदूकवाल्यांनी तो शब्द जास्त दारू मावणाऱ्या काडतुसांना लावला, तो बाटलीवरूनच असं सांगतात. (दारू दोन्हीकडे आहेच म्हणा.) हॉलंड अँड हॉलंडचं .३७५ मॅग्नम हे रायफलचं काडतूस १९१२ सालचं. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या जगात हा शब्द रुळवला तो अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसननं, १९३५ साली, .३५७ मॅग्नम आणून.

गंमत म्हणजे त्याची गोळी आधीच्या .३८ स्पेशलच्याच जाडीची आहे. '.३८' हा आकडा गोळीचा नव्हेच, तो जुन्या काळच्या पुंगळीच्या बाहेरच्या जाडीवरून आलेला. गोळी दोन्हीकडे .३५७ इंच, म्हणजे जेमतेम ९ मिलिमीटर. मॅग्नमची पुंगळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब केली, तीही जास्त दारूला जागा हवी म्हणून नव्हे. हे जोरकस काडतूस चुकून कुणी जुन्या, अशक्त .३८ रिव्हॉल्वरमध्ये घालू नये म्हणून. तेव्हा 'मॅग्नम'मध्ये मोठा आहे तो दाब आणि वेग, गोळीची जाडी नाही.

भाषांतरवाली

हे छान झालं. पण तुम्ही गोळी, काडतूस, पुंगळी असं तीन वेळा तीन शब्द वापरलेत. पेपरात 'जिवंत काडतुसे' आणि 'जिवंत गोळ्या' दोन्ही एकाच अर्थानं येतात.

नेमबाज काका

पेपरवाले घाईत असतात. सबंध वस्तू ते काडतूस. नळीतून उडून जाते ती गोळी. मागे उरतं ते पितळी नळकांडं म्हणजे पुंगळी. 'घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या' हे पेपरातही बरोबर येतं. तुमच्या लेखात हे तीन शब्द शिस्तीत ठेवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आता 'चेंबर्ड फॉर'. ताई, सोपं आहे. शाईपेनला काय लागतं? काळी शाई. जीपला? डिझेल. तसंच पिस्तुलाला. आम्ही रेंजवर विचारतो, 'याला काय लागतं?' उत्तर येतं, 'बत्तीस', म्हणजे .३२ चं काडतूस. संपलं. 'ह्या पिस्तुलाला .३५७ मॅग्नम लागतं' असं लिहा. नाहीतर 'मॅग्नम काडतुसाचं पिस्तूल' म्हणा, जसं बारा बोअरची बंदूक म्हणतो.

'अर्धस्वयंचलित'बद्दल मीही कुरकुरतो. एकदा चाप ओढला की एकच बार उडतो, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. पुढच्या बारासाठी चाप पुन्हा ओढायचा. स्वयंचलित आहे ते भरणं, उडवणं नाही. पूर्वी आपल्याकडे 'ठासणीची बंदूक' म्हणायचे, भरण्याच्या रीतीवरून नाव. त्याच चालीवर 'आपभरणीचं पिस्तूल' म्हणता येईल का?

खोडरबर

काका, संस्कृतात 'आप' म्हणजे पाणी, त्यामुळे 'आपभरणी' ऐकून पाणीपुरवठा योजना वाटते. पण 'स्वयंचलित'वरचा आक्षेप मान्य. अमेरिकनांनी स्वतःही हा घोळ घातलाय, .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) या काडतुसाच्या नावातला 'ए' ऑटोमॅटिकचाच, आणि ते लागणारं पिस्तूल एका चापाला एकच बार उडवतं. माझं मत, 'सेमी-ऑटोमॅटिक' देवनागरीत तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे काकांनी सांगितलं ते एका वाक्यात सांगा.

भाषांतरवाली

ठेवते. पुढचा खड्डा 'रिम्ड' आणि 'रिमलेस'. लेखाचा अर्धा जीव याच्यात आहे असं दिसतंय, कारण लेखक सारखा म्हणतो की रिव्हॉल्वरचं काडतूस पिस्तुलात जाणं हेच मुळात आडमुठं काम आहे.

नेमबाज काका

काठाचं आणि बिनकाठाचं. साडीचा काठ, ताटाचा काठ, तसा पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेला काठ. फक्त 'काठी काडतूस' लिहू नका, लोक लाठी शोधतील.

आडमुठं का ते सांगतो. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस गोल चक्रीच्या भोकात मागून बसतं. काठ नसता तर ते पुढे घसरलं असतं. काठ त्याला अडवतो, आणि पुंगळ्या काढताना त्याच काठाला धरून मागे लोटायच्या. तिथे काठ म्हणजे सोय. पिस्तुलात मात्र काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना वर ढकलते. वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे गेला की संपलं, वरचं पुढे सरकायला जातं आणि खालचं त्याला धरून ठेवतं. काठाच्या वाट्या एकमेकींत रुततात ना, तसं. म्हणून पिस्तुलाची काडतुसं बिनकाठाची केली. बुडाजवळ नुसती खाच.

आपल्याकडे नेहमीचं .३२ एसीपी यात मधलं आहे. १८९९ चं, ब्राउनिंगचं. त्याला थोडासा काठ आहे आणि तेवढाही कधीकधी अडकतो. मग .३५७ किंवा .४४ मॅग्नमच्या भरघोस काठाचं काय होत असेल?

दुसरी अडचण लांबीची. ९ मिमीचं काडतूस टोकापासून बुडापर्यंत तीस मिलिमीटरच्या आत, आणि मॅग्नम चाळीस. मॅगझिन मुठीत बसतं, म्हणजे मूठ पुढून मागे तेवढी लांब करावी लागते. लहान हाताच्या माणसाचं बोट चापापर्यंत पोचता पोचता पोचतं.

डीगलप्रेमी

काका, म्हणजे डेझर्ट ईगल पिस्तूल ना? आम्ही काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेममध्ये रात्र रात्र 'डीगल' घेऊन खेळलोय. पण त्यात सातच गोळ्या असायच्या. तेच मॅग्नम का?

नेमबाज काका

तुझ्या खेळातलं .५० ॲक्शन एक्सप्रेसचं, बाळा. ते मॅग्नमही नाही आणि रिव्हॉल्वरसाठी केलेलंही नाही. पिस्तूल मात्र तेच. मूळ डेझर्ट ईगल आलं ते .३५७ मॅग्नमचं, मग .४४ मॅग्नमचं, आणि .५० नंतर. .३५७ ची नऊ, .४४ ची आठ, .५० ची सात काडतुसं मावतात. आणि यातली हुशारी बघ, .५० च्या पुंगळीचा काठ मुद्दाम .४४ मॅग्नमच्या काठाएवढाच ठेवलाय. पुंगळी जाड, बूड बारीक. त्यामुळे नळी आणि मॅगझिन बदललं की .४४ चं .५० होतं. म्हणजे मॅग्नम नसलेल्यालाही मॅग्नमचाच काठ.

कंपनीचं नावच मॅग्नम रिसर्च, अमेरिकेतल्या मिनेसोटाची, आणि अनेक वर्षं बनवलं इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजनं. नेहमीच्या पिस्तुलात धक्क्यानं नळी आणि वरचा सरकता भाग थोडे मागे येतात आणि यंत्र चालतं. इतक्या जोराच्या काडतुसाला ते झेपवणं अवघड. म्हणून यात रायफलची युक्ती उचलली. नळीच्या सुरुवातीलाच बारीक भोक, त्यातून थोडा गरम वायू नळीखालच्या बोळातून पुढे जातो, दट्ट्या ढकलतो, दट्ट्या सरकत्या भागाला मागे लोटतो, आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा भाग, गोल फिरून उघडतो. नळी जागची हलत नाही. म्हणूनच यात नुसत्या शिशाच्या गोळ्या घालायच्या नाहीत, शिसं खरवडून त्या भोकात बसतं. तांब्याचं आवरण असलेलीच गोळी हवी.

मिनेसोटातल्याच कूनन कंपनीचा रस्ता उलटा. त्यांनी जुन्या 'कोल्ट १९११' पिस्तुलाचीच रचना ताणून .३५७ मॅग्नमला बसवली, सात काडतुसांची. दिसायला सडपातळ. मला विचाराल तर कारागिरी म्हणून तेच जास्त देखणं, पण नाव झालं डेझर्ट ईगलचं.

भाषांतरवाली

पण काका, एवढा खटाटोप कशासाठी? मॅग्नम हवं तर रिव्हॉल्वर आहेच की. लेखक 'अपील' म्हणतो. मी 'आकर्षण' लिहिलंय, ते शाम्पूच्या जाहिरातीतलं वाटतं.

नेमबाज काका

'ओढ' लिहा. किंवा सरळ 'भुरळ'.

मी मुलाकडे टेक्ससला गेलो होतो तेव्हा तिथल्या रेंजवर दोन्ही हाताळली. आधी .४४ चं रिव्हॉल्वर. धक्का एकदम तळहातात येतो, मनगट वर उडतं, तीन बारांनंतर मी घाम पुसायला थांबलो. मग त्याच डब्यातली काडतुसं डेझर्ट ईगलमध्ये. आवाज आणि जाळ तेवढाच, पण धक्का लांबवलेला, दारावर थाप न मारता कुणी खांद्यानं ढकलावं तसा. एक तर वजन दोन किलो. आणि त्या जोराचा काही भाग यंत्र फिरवण्यात वेळ घेऊन येतो. मुलगा हसून म्हणाला, 'बाबा, रिव्हॉल्वरला शिव्या दिल्यात, याला नाही.'

ओढ तिथे आहे. तेच एक डबा काडतूस रिव्हॉल्वरला चालतं, लिव्हरच्या रायफललाही चालतं आणि याला पण चालतं. रिव्हॉल्वरच्या चक्री आणि नळीमधल्या फटीतून वायू निसटतो, इथे ती फट नाही. मॅगझिन बदललं की पुन्हा भरलेलं. बाकी खरं सांगायचं तर कामाच्या दृष्टीनं फार पटत नाही. कमरेला दोन किलो लावून कोण फिरणार? न जमणारी गोष्ट कुणीतरी जमवून दाखवली आहे आणि ती हातात धरता येते, याचीच निम्मी भुरळ.

कोल्हापूरकर

उशिरा आलो. 'न जमणारी' म्हणू नका काका, हळू काडतुसात ती कधीच जमली आहे. पंचवीस मीटर सेंटर फायर या स्पर्धाप्रकारातली आमची पिस्तुलं आपोआप भरणारी असतात आणि त्यांना .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं. म्हणजे १८९६ चं, चांगलं काठाचं, रिव्हॉल्वरचंच काडतूस. त्यात गोळी सपाट तोंडाची आणि पुंगळीच्या आत बुडालेली, म्हणून लांबी आटोक्यात राहते, कागदावर भोकही स्वच्छ पडतं. मॅगझिनमध्ये पाचच काडतुसं, त्यामुळे रचण्याचं भांडणही कमी. स्मिथ अँड वेसननं १९६१ मध्ये .३८ स्पेशलचं असंच पिस्तूल काढलं होतं, मॉडेल ५२, तेही पाचाचं. आपल्या नेमबाज जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच सेंटर फायर प्रकारात सुवर्ण घेतलं.

तेव्हा लेखात 'रिव्हॉल्वरचं काडतूस पिस्तुलात' हे नवल म्हणून नका मांडू. नवल मॅग्नमच्या जोराचं आहे.

नेमबाज काका

खरं आहे, हरलो.

भाषांतरवाली

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय: 'हे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, पण याला लागतं रिव्हॉल्वरचं काठाचं काडतूस, तेही .३५७ मॅग्नम.' मोठ्या पिस्तुलाचा खुलासा काढून टाकला.

खोडरबर

'तेही' तोडून लिहू नका, जोडूनच बरोबर आहे. आणि आकड्याआधीचा टिंब छापखान्यात हमखास गळतो. मुद्रित तपासताना बघा, नाहीतर ३५७ इंचांची तोफ होईल.