बीटा इव्हो ३०० टू-स्ट्रोक: गरम झाल्यावर आरपीएम उतरत नाही, थंडीत क्लच सुटत नाही. सल्ला हवा (नाशिक)

म्हसरूळ_ट्रायल
सेकंडहँड इव्हो ३०० ट्रायल बाइक (खडकांवरून तोल सांभाळत न्यायची) आहे, केहिन कार्ब्युरेटर. पावसाळाभर उभी होती. आता त्रास असे:

१. दहा-पंधरा मिनिटं चालली की थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लटकतो, चार-पाच सेकंदांनी खाली येतो. थंड असताना हे होत नाही.
२. सकाळी पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे झेप घेते.

कार्ब दोनदा साफ केला, पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा टाकला. थोडा फरक पडला, पण दोष गेला नाही. गॅरेजवाले म्हणतात इंजिन पूर्ण उघडावं लागेल. पेट्रोल साधं पंपावरचं, ऑइल लिटरला ३० मिली. उघडण्याआधी काय तपासावं?

काळा_पाषाण
इंजिन उघडू नका. जेटलाही आता हात लावू नका, आधीचा जेट परत बसवा. गरम झाल्यावर आरपीएम लटकणं म्हणजे इंजिनला कुठूनतरी जास्तीची हवा मिळतेय. मोठ्या जेटने ती गळती झाकली जाते आणि पिस्टन मात्र लीनच (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालत राहतो. एक दिवस तो जाम होतो.

हवा शिरायच्या जागा मोजक्या आहेत: कार्ब आणि सिलिंडरमधलं रबर, रीड ब्लॉकचं (आत येणाऱ्या हवेच्या एकतर्फी झडपेचं) गॅस्केट, सिलिंडरखालचं बेस गॅस्केट आणि क्रँकची दोन ऑइल सील. त्यातलं मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या) बाजूचं सील सुकलं की बाहेरची हवा ओढतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळतं, सायलेन्सरमधून दाट पांढरट धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. म्हणून पहिला प्रश्न: गिअर ऑइल बदललं असेल तर काढताना मापलं होतं का?

म्हसरूळ_ट्रायल
हो. भरलं तेवढंच निघालं. रंगही ठीक होता.

काळा_पाषाण
मग क्लचकडचं सील बहुधा शाबूत आहे. तरी चाचणी करून खात्री करा, अंदाजावर सोडू नका.

बीपी मशीनचा फुगा आणि डायल सर्जिकलच्या दुकानात सुटा मिळतो, तोच घ्या. डायल ३०० (मिमी पारा) पर्यंत असते, म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. क्रँककेस (क्रँकचा बंद कप्पा) तपासायला हे नेमकं माप आहे. २६० वर थांबा, म्हणजे साधारण पाच पीएसआय. कंप्रेसरची हवा चुकूनही लावू नका, चांगलं सीलसुद्धा जागेवरून उचकटेल.

एक्झॉस्ट पाइप काढून पोर्टमध्ये रबरी बूच घट्ट बसवा. कार्ब काढा आणि त्याच्या रबरात दुसरं बूच बसवा. त्या बुचात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह खोचा, आतली पिन काढून. फुग्याची नळी त्याला जोडा. प्लग लावलेलाच ठेवायचा. पिस्टन खाली, तळाच्या जवळ आणा, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट उघडा राहील आणि क्रँककेस, सिलिंडर सगळं एकत्र तपासलं जाईल.

२६० ला आणून फुग्याकडच्या नळीला चिमटा लावा आणि घड्याळ बघा. मिनिटाला ५० च्या आसपास उतरत असेल तर चालून जातं. काटा भराभर पडत असेल तर गळती आहे. मग भांडी धुवायच्या साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडावर लावा, मॅग्नेटचं कव्हर काढून सीलच्या कडेलाही लावा. क्लचकडचं सील बाहेरून दिसत नाही, तर गिअरबॉक्सची ब्रीदर नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा. ग्लासात बुडबुडे आले तर तेच सील.

द्वारका_स्पेअर
चाचणीत मॅग्नेटकडचं सील निघालं तर जुन्या सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन सातपूर-अंबडकडच्या ऑइल सीलच्या दुकानात जा. व्हिटॉनचं मागा. साधं नायट्राइल स्वस्त पडतं, पण उष्णता आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे व्हिटॉन जास्त टिकतं.

मॅग्नेट पुलरनेच काढायचं. पाठीमागून हातोडा मारला की क्रँकचे आटे किंवा चावी जाते. पुलरचा आटा मोजूनच घ्या. परत बसवताना टेपर (क्रँकचं निमुळतं टोक) कोरडा आणि स्वच्छ हवा, तेलाचा थेंबही नको. सील आधी जितकं आत होतं तितकंच बसवा, ओठाला ग्रीस लावून.

त्र्यंबकरोड_२टी
पेट्रोलबद्दल सांगतो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर येतो.

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि दोन-तीन महिने उभ्या गाडीच्या फ्लोट बाउलमध्ये (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीत) पांढरा-हिरवट चिकट थर बसतो. पायलट जेटचं छिद्र इतकं बारीक असतं की डोळ्याला साफ दिसलं तरी आत अडकलेलं असतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून फिरवा, उजेडाकडे धरून बघा, भोक गोल दिसलं पाहिजे. सुई किंवा टाचणी नको, भोक मोठं होतं. पुढे गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि बाउल दोन्ही रिकामे करून ठेवा.

इथेनॉलने मिश्रण पातळ (लीन) होतं हे खरं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, आणि उंचीने मिश्रण घट्ट (रिच, पेट्रोल जास्त) होतं. दोन्हीचा परिणाम एकमेकांना काही अंशी खातो, म्हणून फक्त इथेनॉलच्या नावाखाली जेट बदलायची घाई नको.

ऑइलचं प्रमाण मात्र बदला. ३० मिली हे जुन्या स्कूटरचं माप आहे. ट्रायल गाडीला चांगलं सिंथेटिक २टी लिटरला १५ मिली पुरतं, म्हणजे ५ लिटरच्या कॅनला ७५ मिली. जास्त ऑइलने गाडी सुरक्षित होत नाही. तेवढ्या पेट्रोलची जागा तेल घेतं, मिश्रण उलट लीन होतं, प्लग आणि सायलेन्सर काळे पडतात ते वेगळंच. टाकीत न मिसळता कॅनमध्ये मिसळून, हलवून ओता.

काळा_पाषाण
क्लचचं राहिलं. इव्होमध्ये ही ओळखीची तक्रार आहे. फायबर प्लेटच्या तुकड्यांच्या कडेला कारखान्यातला गोंद कडक होऊन बाहेर आलेला असतो, तो तेलाला वाट देत नाही आणि प्लेटा थंडीत एकमेकींना चिकटतात.

पेट्रोल बंद करून बाउल रिकामा करा, क्लचची बाजू वर येईल अशी गाडी जुन्या टायरवर आडवी टाका, म्हणजे तेल सांडत नाही. स्प्रिंगचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडा. प्लेटा ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने पेपरवर मांडा, फोटो काढा. प्रत्येक फायबरच्या तुकड्यांमधल्या फटीतला गोंद छोट्या टोकदार पात्याने खरवडा. घर्षणाच्या पृष्ठभागाला स्पर्श नको, फक्त कडा. एका प्लेटीला पंधरा मिनिटं लागतात, धीर धरा. लावण्याआधी प्लेटा ताज्या तेलात भिजवा. स्प्रिंगचे बोल्ट हलक्या हाताने, अॅल्युमिनियममधले आटे पटकन जातात.

क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये मिनरल ऑइल असतं, डॉट ४ नव्हे. झाकणावर जे छापलंय तेच टाका. डॉट ४ पडलं की रबरी सील फुगतात. हवा काढायची तर मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज खालच्या निपलला लावून तेल खालून वर ढकला. हवा आपोआप वरच जाते, लिव्हर पंप करत बसावं लागत नाही.

म्हसरूळ_ट्रायल
चाचणी केली. काटा एका मिनिटात २६० वरून १२० ला आला. मॅग्नेट सीलवर बुडबुडा नाही, ग्लासातही नाही. कार्बच्या रबराच्या खालच्या बाजूला, क्लिपजवळ साबणाचा फेस उसळतोय. रबर बोटाने वाकवलं की बारीक चीर दिसते.

काळा_पाषाण
सापडलं. चीर उष्णतेने उघडते, म्हणून थंड असताना दोष दिसत नव्हता. सिलिकॉन लावून चालढकल करू नका, पेट्रोलने ते फुगून सुटतं आणि तुकडे रीडमध्ये जातात. नवं रबर मागवा. ते येईपर्यंत गाडी चालवायची नाही. रबर काढलंच आहे तर रीडच्या पाकळ्याही उजेडाकडे धरून बघा, टोकाला तडा किंवा फट दिसली तर त्याही बदला.

नवं लावल्यावर पुन्हा फुग्याने चाचणी. काटा टिकला की मगच एअर स्क्रू. केहिनमध्ये तो हवेचा स्क्रू आहे: बाहेर फिरवला की लीन, आत फिरवला की रिच. दीड फेऱ्यांपासून सुरू करा, इंजिन गरम असताना पाव-पाव फेरी. थ्रॉटल झटकून सोडल्यावर आरपीएम एका दमात खाली यायला हवा. सेटिंगला मोकळी खडी किंवा शेताचा बांध पुरे, अंजनेरीकडे गाडी नेऊ नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

त्र्यंबकरोड_२टी
आणि सेटिंगच्या दिवशी मागच्या टायरमध्ये ५ पीएसआयच ठेवा. इथल्या बेसाल्टच्या धारदार कडांवर त्याहून कमी हवा ठेवली की रिमला खोक पडते, आणि ट्यूबलेस मागचं चाक मग हवा धरत नाही.