स्लेजचा हंगाम संपला, पण कुत्र्यांचा जोर ओसरत नाही. उन्हाळा कसा काढायचा?

हिमवाट विचारतात:

घरी दोन सायबेरियन हस्की आहेत, नर २४ किलोचा आणि मादी १९ किलोची. दोघांची नसबंदी झाली आहे. जोडीला ११ महिन्यांचं पिल्लू. बर्फ होता तोवर स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, जुंपत होतो. आता दुपारी पारा २६-२७ अंशांवर जातो, अंगणाची चाळण झाली आहे आणि संध्याकाळ झाली की तिघं मिळून गळा काढतात. सायकलला जुंपलं तर चालेल का, आणि किती तापमानापर्यंत? हिवाळ्यातलं जास्त चरबीचं खाद्य अजून तेवढंच चालू आहे, ते कमी करायचं का? केस पुंजक्यांनी निघतायत, ते मशिनने बारीक करून टाका असं एकाने सुचवलं. स्लेज आणि हार्नेस (ओढताना कुत्र्याच्या अंगावर चढवायचे पट्टे) मात्र होते तसेच शेडमध्ये टाकलेत.

---

लाइनआउट यांचं उत्तर:

२६ अंशांत सायकल नाही. यावर चर्चासुद्धा नको.

कारण सोपं आहे. ओढताना स्नायूंत तयार होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो आणि ती बाहेर टाकायला कुत्र्याकडे मुख्यतः धाप एवढा एकच रस्ता असतो. तळव्यांना घाम येतो, पण तो नावापुरता. हवा दमट असली की जिभेवरचं पाणी उडत नाही आणि धापेचाही उपयोग होत नाही. म्हणून नुसता पारा बघू नका. कोरड्या जमिनीवर ओढायला बरेच जण १५ अंशांची हद्द धरतात. दमट हवेत मी ती १० वर आणेन. वेळ पहाटेचीच. संध्याकाळी हवा उतरलेली वाटते, पण डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

हंगामानंतर चार ते सहा आठवडे जुंपणं पूर्ण बंद ठेवा. खांदे, मनगटं आणि तळव्यांच्या बारीकसारीक दुखापती याच काळात भरून येतात. बंद म्हणजे बसवून ठेवणं नव्हे. पहाटे पाऊण तास लांब दोरीवर हुंगत भटकू द्या, सुरक्षित उथळ पाणी असेल तर पोहू द्या, रात्री वीस मिनिटांची फेरी.

आणि एक गैरसमज काढून टाका: यांना पळवून दमवता येत नाही. जितकं पळवाल तितका दमसास वाढतो आणि पुढच्या आठवड्यात मागणीही वाढते. डोकं दमवा. रोजच्या सुक्या खाद्यातला अर्धा भाग गवतात विखरून द्या, वीस मिनिटं नाक चालू राहतं.

हुकूम पक्के करायला तर उन्हाळ्यासारखा काळ नाही. हार्नेस घालून तुम्ही मागे, कुत्रं पुढे, चालण्याचाच वेग. प्रत्येक वळणाच्या दोन-तीन पावलं आधी ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. वळणावर पोचल्यावर बोललात तर कुत्रं हुकूम ऐकून नाही, तुमचं अंग बघून वळतं आणि हिवाळ्यात स्लेजवर तोच हुकूम वाया जातो. ‘लाइन आउट’साठी दोरी ताठ ठेवून पुढे तोंड करून उभं राहायचं. सुरुवात पाच सेकंदांनी, हळूहळू अर्ध्या मिनिटापर्यंत. ‘ऑन बाय’ म्हणजे लक्ष न देता पुढे चला; त्यासाठी वाटेपासून तीन मीटरवर खाण्याचं भांडं ठेवा आणि न थांबता पुढे निघा. खाऊ द्यायचा तो भांडं मागे पडल्यावर, तुमच्या हातून. त्या भांड्यातलं कधीच नाही. रोज दहा मिनिटं पुरे.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: जीभ. नेहमीच्या धापेत ती लांब पण निमुळती दिसते. अंग तापायला लागलं की टोक रुंद होतं, कडा वर वळतात आणि लाळ घट्ट होऊन तिच्या तारा लोंबायला लागतात. इथेच थांबायचं. हिरड्या गडद लाल, चाल झोकांड्या खाणारी, उलटी किंवा हाकेला प्रतिसाद नाही, म्हणजे उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या वर जिवावर बेततं. आधी थंड करा, मग डॉक्टरकडे न्या. अंगभर सतत गार पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात कोमट होतो आणि उष्णता आत कोंडतो. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते नको तितकं खाली जातं. कुत्रं शुद्धीवर आलं, उभं राहिलं, तरी डॉक्टरला दाखवायचंच. मूत्रपिंडाची इजा उशिरा कळते.

---

रातीबवाला यांचं उत्तर:

मी फक्त खाण्याचं सांगतो.

लांब पल्ल्याच्या शर्यतीतलं कुत्रं दिवसाला १०,००० किलोकॅलरीपर्यंत पचवतं. तेच कुत्रं अंगणात लोळत असताना त्याच्या जवळपासचं काहीही देणं म्हणजे चरबी चढवणं. वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणा. ही आरामातली गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याची १.६ पट धरतात. तुमच्या नराला साधारण १,२०० आणि मादीला १,००० किलोकॅलरी येतात. हस्की कमी खाऊन भागवण्यात पटाईत, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा समजा आणि हाताने तपासा. बरगड्यांवरून तळवा फिरवल्यावर न दाबता एकेक बरगडी लागली पाहिजे आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. केसांमुळे नजर फसते, हात फसत नाही.

एका दिवसात कापू नका. दर तीन दिवसांनी दहाएक टक्के कमी करत दोन आठवड्यांत खाली या. खाद्यच बदलायचं असेल तर जुन्यात नवं आधी पाव, मग निम्मं, मग पाऊण. पिल्लाला हा हिशेब लावू नका, त्याची वाढ अजून चालू आहे.

गरमीत कुत्र्याने एखाद्या वेळचं खाणं सोडलं तर घाबरू नका. भांडं वीस मिनिटांनी उचला, पुढचं जेवण रात्री गारव्यात. दोन दिवस तोंड लावलं नाही तर मात्र डॉक्टर. पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे नराला सव्वा लिटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पीत नसेल तर अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर उकडलेल्या मांसाचं पाणी घाला. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी. व्यायामाच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट भरू नका.

डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा तळव्यांवर खपल्या दिसल्या तर त्याला उन्हाची खाज समजू नका. हस्की आणि मॅलम्यूट या स्लेज ओढणाऱ्या जातींमध्ये जस्त नीट शोषलं जात नाही, असा त्वचेचा विकार आढळतो. धान्य किंवा कॅल्शियम जास्त असलेल्या आहारात तो बळावतो. जस्ताच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त झालेलं जस्तही विषारीच.

---

हिमवाट:

दोघांचेही आभार. जुंपणं आजपासून बंद. केसांचं आणि उकरण्याचं कोणी सांगेल का? खड्डा सकाळी बुजवला की दुपारी पुन्हा तयार.

---

कंगवा_आणि_कुंपण यांचं उत्तर:

मशीन लावू नका. बाहेरचे राठ केस ऊन अडवतात. गरम होतं ते आत अडकलेल्या लोकरीमुळे. ती काढली की हवा कातडीपर्यंत जाते. भादरलं तर कातडी उन्हात भाजते आणि या जातींत केस कधी महिनोन्महिने येत नाहीत, तर कधी ठिगळाठिगळाने येतात.

लोकर आधी मांड्यांवर सुटते, तिथून सुरुवात करा. कोमट पाण्याने अंघोळ, मग जोरदार हवेचा ब्लोअर कातडीजवळ धरून पूर्ण कोरडं करणं. निम्मं काम ब्लोअरच करतो. त्यानंतर लोकर काढायचा लांब दातांचा कंगवा. एका हाताने केस वर धरायचे आणि खालचा पट्टा केसांच्या दिशेने विंचरायचा. एका जागी दहा-बारा हातांपेक्षा जास्त नाही. कातडी गुलाबी झाली तर तुम्ही दाबताय. पोट, काखा आणि शेपटीखाली कंगवा नको, मऊ ब्रश वापरा. रोज पंधरा मिनिटं धरलीत तर दोन-तीन आठवड्यांत आटोपतं. आतली लोकर ओली ठेवून सोडलीत की खाली ओलसर लाल जखम होते, आणि ती एका रात्रीत पसरते. नखंही बघा, अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, ते वळून आत रुततं.

उकरणं ही खोडी कमी, गरज जास्त. खालची माती गार असते म्हणून ती तिथे लोळतात. बंद करायचा नाद सोडा, जागा द्या: सावलीत दीड बाय दीड मीटरचा खड्डा, ५० सेंमी खोल, वाळूने भरलेला, रोज सकाळी पाणी शिंपडलेला. पहिले काही दिवस त्यात हाडं पुरा. बाकी अंगणातल्या खड्ड्यांत त्यांचीच शी टाकून वर माती लोटा, बहुतेक कुत्री तिथे परत जात नाहीत. कुंपण १.८ मीटरपेक्षा कमी नको. कुंपणाच्या पायथ्याला आतल्या बाजूने ६० सेंमी रुंद जाळी जमिनीवर आडवी टाकून दगडांनी दाबा. कुत्रं कुंपणाला चिकटून उकरतं, दोन फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. कुंपणाशेजारी पेटी, लाकडाचा ढीग असलं काही नको, ती त्यांची शिडी.

---

जुनी_धाव यांचं उत्तर:

लाइनआउट यांच्या ‘पूर्ण बंद’शी मी तितकासा सहमत नाही. मोठ्या दोघांना दोन आठवड्यांनंतर, पहाटे १० अंशांच्या खाली, चालण्याच्या वेगाने चार-पाच किलोचा टायर वीस मिनिटं ओढायला हरकत नाही. स्नायू टिकतात. दुखापत असेल तर अर्थातच नाही.

सामान मात्र याच आठवड्यात आवरा. हार्नेस गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात नायलॉन कमजोर होतं. प्रत्येक शिवण दोन बोटांत ताणून बघा. छातीवरचा आणि शेपटीजवळच्या कडीचा सांधा आधी जातो. चावलेला पट्टा गाठ मारून चालवू नका, गाठ कातडी सोलते. दोरीतलं रबर ताणून सोडल्यावर पूर्ण मागे येत नसेल तर बदला, नाहीतर प्रत्येक झटका थेट कुत्र्याच्या पाठीवर बसतो. कड्यांची स्प्रिंग वाळू काढून, तेलाचा थेंब देऊन ठेवा. सगळं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. कुत्र्याच्या अंगाचा आणि खाण्याचा वास असलेला पट्टा उंदीर सोडत नाहीत.

स्लेजच्या धावपट्ट्या जमिनीला टेकवून ठेवल्या तर लाकूड ओल धरतं आणि बाक बिघडतो. आडव्या लाकडी ठोकळ्यांवर दोन ठिकाणी आधार द्या, वर ओझं ठेवू नका. प्लॅस्टिकची पट्टी काढून खालचं लाकूड बघा, काळं पडलं असेल तर घासून तेल द्या. बांधणीच्या दोऱ्या तपासा. ब्रेकची टोकं आणि स्लेज थांबवून ठेवायला बर्फात रोवायचा आकडा गंजू नये म्हणून पुसून तेल लावा.

पुन्हा सुरुवात पारा १५ च्या खाली स्थिरावल्यावर. पहिले दोन आठवडे दोन-तीन किलोमीटर, ताशी १२-१५ किमी, दर ५०० मीटरला थांबून पाणी. नंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. घाई केली की स्नायू फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. ती दिसली की थेट डॉक्टर.

---

हिमवाट:

आणि पिल्लू?

---

जुनी_धाव:

हार्नेस घालायची सवय आत्ताच लावा, दहा-दहा मिनिटं, मागे रिकामी प्लॅस्टिकची बाटली बांधून. आवाजाची भीती जाते. वजन ओढायला लावू नका. हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याआधी जोर पडला तर सांधा कायमचा बिघडू शकतो. सायकल दीड वर्षानंतरच, आणि तेव्हा हँडलखाली दोरी उचलून धरणारा दांडा लावूनच. ढिली पडलेली दोरी पुढच्या चाकात गेली की आपण थेट हँडलवरून पलीकडे.