सॉफ्टवेअरला ‘औषध’ म्हणायचं?

मृणाल: जाणकारांनी जरा मदत करा. छातीचा एक्स-रे बघून टीबीचा संशय सांगणाऱ्या एका एआय सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ मजकुरात आहे की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली हे ‘ड्रग’ आहे. मी ‘औषध’ लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने विचारलंय, ‘जेवणाआधी की नंतर?’

नाना: बाईंना सांग, कायद्याने ते औषधच आहे 😄 कलम ३ मधल्या व्याख्येत सरकारला अधिसूचना काढून उपकरणं घालता येतात, आधी सिरिंज, स्टेंट अशी मोजकीच होती, मग ११ फेब्रुवारी २०२० ची अधिसूचना आली आणि १ एप्रिलपासून झाडून सगळी आत, सॉफ्टवेअरसकट, आणि माणसांचीच नाही तर जनावरांच्या उपचाराची पण. १९४० साली आपल्याकडे कॉम्प्युटर औषधालासुद्धा नव्हता, आता औषधातच गेला.

केतकी (म्युनिक): इकडे युरोपात ही भानगड नाही, उपकरणांचा २०१७ चा कायदा औषधांपेक्षा वेगळाच आहे. वर १ ऑगस्ट २०२४ ला एआयचा कायदा आलाय, पण त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

डॉ. सुहास: मृणालताई, पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर ‘औषध’ नकोच. ‘वैद्यकीय उपकरण’ लिहा, आपले २०१७ चे नियमही त्याच नावाचे आहेत. त्यात धोक्याप्रमाणे ए ते डी वर्ग आहेत, ए-बी बनवायचा परवाना राज्याकडून म्हणजे आपल्याकडे एफडीए, सी-डीचा केंद्राकडून.

मृणाल: पण सर, उपकरण म्हटलं की डोळ्यासमोर बीपीचं मशीन येतं हो. ‘प्रणाली’ कसं वाटतं?

नाना: प्रणाली म्हणजे सरकारी पोर्टल. चालत नाही तेव्हा म्हणतात ते. ‘वैद्यकीय उपकरण (सॉफ्टवेअर)’ लिही आणि मोकळी हो.

डॉ. सुहास: त्या शब्दावर फार अडू नका, मला वेगळीच काळजी आहे. पुढे क्रियापद काय टाकलंय?

मृणाल: ‘हे सॉफ्टवेअर टीबीचं निदान करते.’

डॉ. सुहास: तेच! मुळात ‘संशयास्पद खुणा दाखवते’ असेल तर ‘निदान करते’ हा नवीन दावा झाला. उत्पादकाने वस्तू कशासाठी म्हणून बनवलीय यावर व्याख्या उभी आहे, आणि ते बघताना माहितीपत्रकातली भाषा पण बघतात. शिवाय मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला) मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय की एआयने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही, डॉक्टरला मदत केली तर चालेल. पेशंट ‘निदान’ वाचणार, घरी जाऊन टीबी झाला म्हणून सांगणार, आणि थुंकी तपासायची अजून बाकीच!

मृणाल: बापरे, हे कोणी बोललंच नव्हतं. मूळ मजकूर बघितला, ‘खुणा’च आहेत. मग असं करते: ‘हे वैद्यकीय उपकरण (सॉफ्टवेअर) एक्स-रेमधील टीबीसदृश खुणा दर्शविते. निदान डॉक्टर करतात.’

नाना: ‘टीबीसदृश’ आणि ‘दर्शविते’ कोण बोलतं गं घरात? ‘टीबीसारख्या खुणा दाखवतं’ कर.

डॉ. सुहास: आणि ‘थुंकीची तपासणी करून’ हे पण घाला. आमच्या भागात बेडका म्हणतात, कंसात तोही टाका, नुसतं ‘थुंकी’ वाचलं की लोक चूळ भरून तीच डबीत आणून देतात.