मॅस्टेक्टॉमी (कॅन्सरसाठी काढलेला स्तन) आतून कच्ची राहते, काय करावं?

रात्रपाळी:
जिल्ह्याच्या गावी हिस्टोपॅथला, म्हणजे ऊती तपासणाऱ्या लॅबला, टेक्निशियन आहे. शनिवारी दुपारी ओटीतून मॅस्टेक्टॉमी येते, अख्खी, बरणीत कोंबलेली. सोमवारी ग्रॉसिंगला, म्हणजे तपासायचे तुकडे काढायला, कापली की कडेनं करडी-घट्ट, मध्ये गुलाबी नि बुळबुळीत. मेणाचा ब्लॉक मऊ, पातळ कापांची रिबन धड येत नाही. मांस पक्कं करणारं फॉर्मॅलिन १० चं २० टक्के करू का?

पॅराफिनताई:
नको रे बाबा. टक्के वाढवून मधलं मांस पक्कं होत नाही. फॉर्मॅलिन किती खोल शिरेल ते वेळेच्या वर्गमुळावर ठरतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी १९४१ सालीच मांडून ठेवलंय. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! आणि नुसतं शिरून भागत नाही, प्रथिनांशी बांधणी व्हायला पुढे आणखी वेळ लागतो. तोवर मधल्या पेशी सडायला लागलेल्या असतात.

तेव्हा जाडी कमी कर. आधी मागच्या बाजूला शाई लाव, मग मागूनच सेंटीमीटर-सेंटीमीटरवर काप दे. कातडीपर्यंत जायचं, कातडी तोडायची नाही. भरली वांगी चिरताना देठ राखतो ना, तसं. दिशा दाखवणारे टाके शाबूत ठेव. प्रत्येक फटीत गॉज घाल, नाहीतर काप परत एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

बरणी फेकून दे, झाकणाची बादली घे. फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट हवं. तळाशीही गॉज. दुसऱ्या दिवशी रक्ताळलेलं ओतून ताजं भर.

दहा लिटरसाठी: बाजारी फॉर्मॅलिन १ लिटर, पाणी ९ लिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४० ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६५ ग्रॅम. ही दोन फॉस्फेटं म्हणजे बफर, ते टाळलंस तर रक्ताच्या जागी काळपट रंगकण दिसतील.

ग्रॉसिंगवाला:
ताईंचं बरोबर, पण टेक्निशियननं एकट्यानं सुरी लावू नये. मार्जिन, म्हणजे सर्जननं कापलेली कड, बिघडलं की रिपोर्ट गेला. रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) बोलवा.

रात्रपाळी:
सर, आमच्याकडे रेसिडेंटच नाहीत. पॅथॉलॉजिस्ट मॅडम सोमवारीच येतात.

ग्रॉसिंगवाला:
मग मॅडमना सर्जनशी बोलायला सांगा. मागची बाजू शाईनं रंगवून ओटीतच गाठीपर्यंत एक चीर द्यायची. तेवढ्यानंही गाठ वाचते. फॉर्मवर फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ हवीच, ईआर-पीआर या हार्मोन-रिसेप्टरच्या तपासण्यांना फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तासांची मर्यादा आहे.

पॅराफिनताई:
आणि बादली ओटीतच भरून ठेव. वॉर्डबॉय मामा घेऊन निघेपर्यंत नमुना तासभर ट्रेमध्ये सुकत पडतो, तो वेळ कुणी धरतच नाही.